बासुंदीत जिवाणू सापडला नाही, मग मुलींना उलट्या कशाने झाल्या?

प्रश्न मुलींच्या एका वसतिगृहाच्या अधीक्षक बाईंचा आहे. आदल्या संध्याकाळी बासुंदी आटवून पातेल्यातच ठेवली, सकाळी पुन्हा चांगली उकळली आणि दुपारी वाढली. जेवणानंतर दोन-तीन तासांत बऱ्याच मुलींना उलट्या सुरू झाल्या. पोटात मुरडा होता, ताप जवळजवळ कुणालाच नव्हता आणि दुसऱ्या दिवशी बहुतेक जणी उठून बसल्या. उरलेल्या बासुंदीचा अहवाल आला: 'स्टॅफिलोकोकस ऑरियस आढळला नाही.' आता आचारी म्हणतो बासुंदी निर्दोष, पालक म्हणतात पाणीच खराब. एक खासगी प्रयोगशाळा पीसीआर, म्हणजे डीएनएचा ठरावीक तुकडा शोधणारी चाचणी, करून द्यायला तयार आहे. बाईंना दोन गोष्टी विचारायच्या आहेत: या अहवालाने बासुंदी सुटली का, आणि पीसीआरने विष सापडेल का?

दोन्हींचं उत्तर 'नाही' असं आहे. पहिली तपासणी जिवाणू जिवंत आहे का एवढंच बघते आणि पीसीआर विषाचा जीन, म्हणजे ते विष बनवण्याची जिवाणूच्या डीएनएतली सूचना, आहे का एवढंच बघतं. मुलींना उलट्या झाल्या त्या विषाने, आणि ते विष अजून कुणी शोधलेलंच नाही. अन्नविषबाधेचे नमुने मी वर्षानुवर्षं तपासत आले आहे. जिवाणूचा अहवाल हाच विषाचा अहवाल मानून प्रकरण बंद केलेलं दिसलं की मला फार त्रास होतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

स्टॅफिलोकोकस ऑरियस अनेक निरोगी माणसांच्या नाकात आणि कातडीवर असतो. हातावर पिकलेली जखम असेल तर तिथे तो भरपूर असतो. दूध आटवून झाल्यावर कुणीतरी हाताने साखर-वेलची घातली, पळी तशीच ठेवली, की तो कोमट बासुंदीत उतरतो. मोठं पातेलं रात्रभर बाहेर राहिलं तर ते तासन्‌तास कोमटच राहतं. एका ग्रॅममध्ये जिवाणूंची संख्या लाखाच्या घरात गेली की एन्टरोटॉक्सिन म्हणजे आतड्यावर काम करणारं विष त्रासदायक प्रमाणात साठू शकतं. सकाळच्या उकळीने जिवाणू मेले. विष मात्र त्या उकळीला दाद देत नाही. ते एक लहानसं, घट्ट घडीचं प्रथिन आहे. उकळत्या तापमानाला बराच वेळ टिकतं आणि पोटातल्या पाचक रसांनाही पुरून उरतं. बासुंदी पुन्हा उकळणं ही आचाऱ्याच्या दृष्टीने काळजी होती, पण त्या उकळीने फक्त पुरावा पुसला गेला.

हे असंच, पण फार मोठ्या प्रमाणावर, जपानमध्ये घडलेलं आहे. 2000 सालच्या उन्हाळ्यात ओसाका भागात स्नो ब्रँड कंपनीचं कमी स्निग्धांशाचं दूध पिऊन 13 हजारांहून जास्त लोक आजारी पडले. दूध पाश्चरीकरण केलेलं होतं. माग काढत तपास होक्काइदोमधल्या ताइकी इथल्या दूधभुकटीच्या कारखान्यापर्यंत गेला. तिथे 31 मार्चला वीज गेली होती, दूध काही तास गरम अवस्थेत पडून राहिलं आणि जिवाणूंना वाढायला वेळ मिळाला. पुढच्या उष्णतेने जिवाणू मेले, विष भुकटीत राहिलं आणि त्या भुकटीतून ते ओसाकाच्या दुधात आलं. दुधात सापडलेलं प्रमाण मिलिलिटरला अर्ध्या नॅनोग्रॅमपेक्षाही कमी होतं, भुकटीत ग्रॅमला साधारण 3.7 नॅनोग्रॅम. प्रत्येक रुग्णाच्या पोटात अंदाजे 20 ते 100 नॅनोग्रॅम गेले असावेत असा हिशेब निघाला. एका ग्रॅमचे शंभर कोटी भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे नॅनोग्रॅम. प्रयोगशाळेला शोधायचं असतं ते इतकं थोडं, आणि तेही दूध, साखर, मसाला, तेल या सगळ्या गर्दीतून.

आता तुमच्या बासुंदीकडे. नमुना अजून शिल्लक असेल आणि थंड ठेवलेला असेल तर बरंच काही करता येतं.

सगळ्यात स्वस्त तपासणी म्हणजे ग्रॅम रंजन, जिवाणू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघण्याची. उकळलेले जिवाणू वाढत नाहीत, पण त्यांचे सांगाडे काचपट्टीवर बहुतेक वेळा दिसतात. जांभळ्या गोल पेशींचे पुंजके सगळीकडे दिसत असतील आणि कल्चर, म्हणजे जिवाणू वाढवून बघण्याची तपासणी, मात्र कोरं असेल, तर अन्न आधी बिघडलं आणि नंतर तापवलं गेलं असा दाट संशय घ्यायला जागा आहे. अहवालात ही ओळ असायला हवी. बहुतेक वेळा ती नसते, कारण कुणी मागितलेली नसते.

दुसरी तपासणी थर्मोन्यूक्लिएजची. हा जिवाणू डीएनए तोडणारं एक एन्झाइम सोडतो आणि तेही उकळीत टिकतं. टोल्युडिन ब्लू नावाचा रंग आणि डीएनए मिसळलेली आगरची थाळी निळी दिसते. तिच्यात बारीक खड्डे पाडायचे, अन्नाचा उकळलेला अर्क त्यात सोडायचा आणि थाळी 37 अंशांवर ठेवायची. एन्झाइम असेल तर काही तासांतच खड्ड्याभोवती निळ्यातून उठून दिसणारं गुलाबी वलय येतं. हे विष नव्हे आणि दुसरेही काही जिवाणू असं एन्झाइम बनवतात, त्यामुळे एवढ्यावर निकाल देता येत नाही. पण मर्यादित साधनांच्या प्रयोगशाळेत पुढे जायचं की थांबायचं हे ठरवायला ही तपासणी फार उपयोगी पडते.

खरी तपासणी म्हणजे प्रथिन पकडण्याची. विषाला नेमकी चिकटणारी अँटीबॉडी वापरायची आणि ती चिकटली की नाही हे डोळ्याला दिसेल अशी सोय करायची. एलायझा हा त्याचा सर्वांत रुळलेला प्रकार. 25 ग्रॅम अन्न घोटून अर्क काढतात, सेंट्रिफ्यूज करून स्निग्धांश बाजूला करतात आणि डायलिसिसच्या नळीत भरून तो अर्क आटवतात. नळीभोवती पॉलिएथिलीन ग्लायकॉल असतं, ते रात्रभरात पाणी ओढून घेतं. अन्नातल्या स्टॅफिलोकोकसच्या विषांसाठी 2017 साली आलेलं आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ 19020 याच वाटेने जातं. आटवण्याची पायरी वेळखाऊ आहे म्हणून ती गाळण्याचा मोह होतो. ती गाळून आलेला 'निगेटिव्ह' मला मान्य नसतो. वरचा नॅनोग्रॅमचा हिशेब आठवला तर कारण वेगळं सांगायला नको.

लेटेक्सची पद्धत आणखी साधी. तळाशी निमुळत्या होत गेलेल्या खाचांच्या प्लेटमध्ये अर्काचे दुप्पट-दुप्पट पातळ केलेले थेंब ओळीने घालतात. प्रत्येकात अँटीबॉडी चढवलेले लेटेक्सचे कण मिसळतात आणि प्लेट झाकून, न हलवता दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवून देतात. सकाळी काळ्या पृष्ठभागावर ठेवून वरून बघायचं. विष नसेल तर कण उतारावरून घसरत तळाच्या मध्यभागी गोळा होतात आणि घट्ट, काठ स्पष्ट असलेला पांढरा ठिपका दिसतो. विष असेल तर कण एकमेकांना धरून राहतात, घसरत नाहीत आणि खाचेच्या भिंतीवर विरळ सायीसारखा थर पसरतो. शेजारी आणखी एक ओळ असते, तिच्यातल्या कणांवर विषाशी संबंध नसलेली अँटीबॉडी असते. त्या ओळीतही थर पसरलेला दिसला तर वाचन रद्द. दुधाच्या आणि पिठूळ पदार्थांच्या अर्कात हे घडतं, म्हणून आधी ती ओळ बघायची आणि मगच बाकीच्या.

खोटे पॉझिटिव्ह इथे दोन वाटांनी येतात. स्टॅफिलोकोकस ऑरियसच्या अंगावर प्रोटीन ए नावाचं प्रथिन असतं. ते अँटीबॉडीला तिच्या शेपटाकडून पकडतं, विष असो वा नसो. मग चाचणी रंग दाखवते आणि आपण फसतो. त्यासाठी अर्कात आधी सशाचा साधा सीरम मिसळून प्रोटीन ए गुंतवून टाकतात, किंवा शेपूट काढून टाकलेली अँटीबॉडी वापरतात. दुसरी वाट पेरॉक्सिडेजची. एलायझाचा रंग बहुधा याच एन्झाइमने येतो, आणि कच्च्या दुधात, कच्च्या भाज्यांत ते मुळातच असतं. अर्क घालून पण अँटीबॉडी न घालता एक खाच चालवली की हे लगेच उघडं पडतं.

खोट्या निगेटिव्हचं कारण जास्त धोक्याचं आहे. खूप तापलेल्या विषाची घडी थोडी बिघडते आणि अँटीबॉडीला ते ओळखू येत नाही. 1989 साली अमेरिकेत चीनहून आलेल्या डबाबंद अळंब्यांनी लोक आजारी पडले, तेव्हा हा प्रश्न ठळकपणे पुढे आला. डबाबंदीच्या उष्णतेतून गेलेलं विष युरियाची प्रक्रिया करून पुन्हा ओळखण्याजोगं करावं लागतं. तुमची बासुंदी साध्या उकळीतून गेली आहे, तिला एवढी अडचण यायची नाही. तरी नमुन्याबरोबरच्या चिठ्ठीत 'पुन्हा उकळलेली' असं लिहाच. तपासणाऱ्याला ते कळणं आवश्यक असतं.

शिवाय बाजारातले बरेच किट या विषाचे ए ते ई हे पाचच प्रकार पकडतात. प्रकार त्याहून पुष्कळ जास्त आहेत. जपानच्या त्या प्रकरणात सुरुवातीला ए प्रकार सापडला, पुढे एच प्रकारही होता असं दिसून आलं. म्हणजे 'विष आढळले नाही' या वाक्याचा पूर्ण अर्थ 'या पाचांपैकी, या मर्यादेच्या वर, आढळले नाही' असा असतो.

आता पीसीआर. मेलेल्या जिवाणूंचा डीएनए बासुंदीत शिल्लक असतो, त्यामुळे पीसीआर चालेल आणि एन्टरोटॉक्सिनचा जीनही कदाचित सापडेल. त्यातून कळेल एवढंच, की विष बनवण्याची क्षमता असलेला जिवाणू या पातेल्यात कधीतरी होता. त्याने ते बनवलं का, किती बनवलं, हे कळणार नाही. मी पीसीआरच्या विरोधात मुळीच नाही. किटमध्ये नसलेल्या प्रकारांचे जीन शोधायला आणि आचाऱ्याच्या नाकातला जिवाणू व अन्नातला जिवाणू यांचा मेळ घालायला ते हवंच. फक्त त्याच्या अहवालावर 'विष आढळले' असा शिक्का मारायचा नाही.

जीन आणि विष यांतलं अंतर किती असू शकतं, हे घटसर्पाइतकं स्वच्छ दुसरीकडे दिसत नाही. घटसर्पाच्या जिवाणूकडे विषाचा जीन येतो तो एका विषाणूकडून, बॅक्टेरिओफेजकडून. काही जिवाणूंत जीन असतो पण बिघडलेला असतो, विष तयारच होत नाही. पीसीआर त्यांना पॉझिटिव्ह म्हणणार. म्हणून पीसीआरनंतर एलेकची चाचणी लावतात. स्टीफन एलेक यांनी ती 1940 च्या दशकाच्या शेवटी लंडनमध्ये बसवली, त्याआधी यासाठी गिनीपिग लागत. आगरमध्ये घटसर्पाच्या प्रतिविषात भिजवलेली कागदाची पट्टी ठेवतात आणि तिला काटकोनात जिवाणूच्या रेघा ओढतात. एका बाजूने विष झिरपत येतं, दुसऱ्या बाजूने प्रतिविष, आणि दोघं भेटतात तिथे आगरमध्ये एक बारीक पांढरी तिरपी रेघ उमटते. दिवस-दोन दिवसांत ती दिसते. शेजारी खात्रीचा विषारी जिवाणू लावलेला असतो. त्याची रेघ आणि तपासायच्या जिवाणूची रेघ एकमेकींना जुळून कमान झाली तरच खरी. एकमेकींना छेदून गेल्या तर ती भलत्याच प्रथिनाची. हे वाचन सरावानेच येतं. आणि रुग्णाच्या घशात पडदा दिसत असेल तर प्रतिविष द्यायला डॉक्टर या रेघेची वाट बघत नाहीत. बघूही नये.

जीन आहे का, विष आहे का, यानंतरचा तिसरा प्रश्न कृतीचा: सापडलेलं प्रथिन खरोखर इजा करतं का? त्यासाठी जिवंत पेशी किंवा प्राणी लागतात. या बाबतीत आपल्याकडचं एक नाव मला नेहमी घ्यावंसं वाटतं. कॉलराचा जिवाणू विषाने मारतो, ही शंका रॉबर्ट कॉख यांनी 1884 मध्येच बोलून दाखवली होती. ती सिद्ध केली कोलकात्याच्या शंभूनाथ डे यांनी, 1959 साली. सशाच्या लहान आतड्याचा तुकडा दोन्हीकडून बांधून त्यांनी त्यात जिवाणू पूर्णपणे गाळून काढलेला द्रव सोडला. जिवाणू एकही नाही, तरी तो तुकडा पाण्याने टम्म फुगला. विष जिवाणूपासून वेगळं काढून त्याचं काम दाखवण्याचा इतका सरळ प्रयोग क्वचितच सापडतो. आज कॉलराचं विष पकडायला जीएम 1 या गँग्लिओसाइडवर आधारलेली एलायझा वापरतात. आतड्याच्या पेशीवर विष ज्या रेणूला चिकटतं, तोच रेणू प्लेटवर लावलेला असतो.

पेशींवरची चाचणी करताना एक अट पाळावीच लागते: विशिष्ट प्रतिविष घातल्यावर परिणाम थांबला पाहिजे. क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जुलाब घडवणाऱ्या जिवाणूच्या रुग्णाच्या शौचाचा गाळलेला अर्क पेशींवर घातला की दिवस-दोन दिवसांत त्या आकसून गोल होतात. पण शौचातल्या कुठल्याही त्रासदायक पदार्थाने पेशी गोल होऊ शकतात. प्रतिविषासह लावलेल्या शेजारच्या खाचेत पेशी धडधाकट राहिल्या, तरच ते या विषाचं काम.

तुमच्या प्रकरणात उलटीचा दुसरा संशयितही तपासायला हवा. मुलींनी त्याच जेवणात आदल्या दिवशीच्या भाताचा फोडणीचा भात खाल्ला होता का? बॅसिलस सेरियस शिजलेल्या भातात वाढतो, त्याचे बीजाणू शिजवण्यातूनही जिवंत राहतात आणि तो सेरुलाइड नावाचं विष बनवतो. 1970 च्या दशकात इंग्लंडमध्ये चिनी रेस्टॉरंटांतला फ्राइड राइस खाऊन झालेल्या उलट्यांमुळे ही बाधा ओळखली गेली. तिची वेळही एक ते सहा तासांचीच, लक्षणंही तीच. सेरुलाइड हे नेहमीसारखं प्रथिन नाही, बारा घटकांचं छोटं कडं आहे. त्याच्याविरुद्ध अँटीबॉडी मिळवणं अवघड, म्हणून एलायझाचा नेहमीचा मार्ग इथे उपयोगी पडत नाही. ते सेंद्रिय द्रावणात विरघळवून एलसी-एमएस यंत्रावर त्याच्या रेणूभाराने ओळखावं लागतं, आणि असं यंत्र मोजक्या ठिकाणी आहे. उष्णतेच्या बाबतीत हे विष स्टॅफिलोकोकसच्या विषापेक्षाही चिवट आहे, प्रेशर कुकरसुद्धा त्याचं काही बिघडवू शकत नाही.

उलट्यांऐवजी जुलाब असते आणि ते जेवणानंतर आठ-बारा तासांनी सुरू झाले असते, तर मी तुम्हाला अन्नापेक्षा शौचाचे नमुने मागितले असते. मोठ्या पातेल्यात हळूहळू निवालेल्या रश्श्यात किंवा डाळीत क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स वाढतो. तो विष बनवतो ते माणसाच्या आतड्यात गेल्यावर, बीजाणू तयार करताना. अन्नात विष शोधून तिथे हाती काही लागत नाही. कुठला नमुना कुठल्या चाचणीला लावायचा, हे जेवणापासून पहिल्या उलटीपर्यंतचे तास ठरवतात. म्हणून प्रत्येक मुलीची ती वेळ आजच लिहून काढा. पंधरा दिवसांनी कुणालाच आठवणार नाही. कुणी बासुंदी खाल्ली नव्हती आणि तरी उलटी झाली, कुणी खाल्ली आणि काही झालं नाही, हेही लिहा. पाण्याचा वाद त्या यादीनेच बराचसा मिटेल, कारण पाणी सगळ्याच प्यायल्या असणार.

ओळखीचा जिवाणू सापडला म्हणून गुन्हेगार सापडला असंही होत नाही, याचं उदाहरण 2011 सालचं जर्मनीचं. शिगा विष बनवणाऱ्या ई. कोलायने तिथे 3,800 हून जास्त लोक आजारी पडले आणि पन्नासहून जास्त दगावले. सुरुवातीला स्पेनच्या काकड्यांवर ठपका आला, कारण त्यांच्यावर शिगा विषाचा ई. कोलाय सापडला होता. पण रुग्णांतला प्रकार वेगळाच निघाला, ओ 104:एच 4. नेहमीचा ओ 157 शोधायला सॉर्बिटॉलची थाळी वापरतात, त्यावर ओ 157 च्या वसाहती बिनरंगी दिसतात. हा नवा प्रकार सॉर्बिटॉल पचवायचा, गुलाबी व्हायचा आणि निरुपद्रवी ई. कोलायच्या गर्दीत लपायचा. ज्यांनी जिवाणूच्या ओळखीवर न विसंबता थेट शिगा विष किंवा त्याचा जीन शोधला, त्यांच्या हातून तो निसटला नाही. शेवटी माग मेथीच्या मोडांपर्यंत गेला, बिया इजिप्तमधून आलेल्या होत्या.

आता तुम्ही काय करावं ते सांगते. उरलेली बासुंदी टाकू नका, वाटून देऊ नका, फ्रीजमध्ये ठेवा. आजच पोचवता येत असेल तर बर्फाच्या डब्यातून पाठवा, उशीर होणार असेल तर डीप फ्रीजरमध्ये ठेवा आणि किती दिवस ठेवली ते लिहा. उलटीचा नमुना कुणी जपला असेल तर तोही द्या. त्यातल्या विषाला फार मोल आहे. फॉर्मॅलिन किंवा जंतुनाशक कशातही घालू नका. भात, पनीर, चटणी जे काही उरलं असेल ते वेगवेगळ्या स्वच्छ डब्यांत भरा, एकाच चमच्याने काढू नका. आचारी आणि वाढपी यांच्या नाकाचे आणि हातावरच्या जखमांचे स्वॅब घेण्याची विनंती आरोग्य खात्याला करा, पण त्याचा अर्थ आचाऱ्याला आरोपी करणं असा लावू देऊ नका. नाकात हा जिवाणू असणं हा कुणाचाच गुन्हा नाही. चूक झाली ती पातेलं रात्रभर बाहेर राहिल्याची, आणि वसतिगृहात पुरेसा मोठा फ्रीज नसेल तर ती त्याच्या एकट्याची नाही.

नमुना पाठवण्याआधी जिल्हा सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळेला फोन करून विचारा, एन्टरोटॉक्सिनची तपासणी तुमच्याकडे होते का, नसेल तर तुम्ही पुढे कुठे पाठवता. सगळीकडे ही सोय नसते. विनंतीपत्रात नुसतं 'जिवाणू तपासणी' न लिहिता 'स्टॅफिलोकोकसचे एन्टरोटॉक्सिन, प्रकार ए ते ई, थर्मोन्यूक्लिएज आणि ग्रॅम रंजन' असं लिहा. भात खाल्ला असेल तर 'बॅसिलस सेरियस, मोजणीसह' हेही लिहा. अहवाल आला की त्यात चाचणीची पद्धत, किटने पकडलेले प्रकार आणि ग्रॅममागे किमान किती विष पकडता येतं तो आकडा, या तीन गोष्टी आहेत का ते बघा. नसतील तर लेखी मागा. त्याशिवाय 'आढळले नाही' हे शब्द पालकांसमोर वाचून दाखवू नका.